डोंग्यातली पायाखालची फळी

मी चिमूर तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. रेडिओवर दर वेळी आपण कर्ज, व्याज, बँकेची पासबुकं यावर बोलतो. आज मी इतिहास सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, चिमूरचा इतिहास म्हणजे १६ ऑगस्ट १९४२. तो तर शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. खरं आहे. पण मी आज सांगणार आहे तो इतिहास कुठल्या फलकावर लिहिलेला नाही. तो डोंग्याच्या तळाशी आहे, आपल्या पायाखाली.

सुरुवात एका गटाच्या बैठकीपासून करते. आमच्या एका गटाकडे गावची बोडी ठेक्यानं आहे. त्यात रोहू, कतला सोडतात आणि कडेला शिंगाडा लावतात. जाळं टाकायला आणि शिंगाडा तोडायला लाकडी फळ्यांचा एक जुना डोंगा घेतलेला. त्याच्या आत पाय ठेवायला प्लायवूडचा तुकडा बसवला होता. दुकानात "वॉटरप्रूफ आहे" असं सांगून दिला होता. दोन पावसाळे गेले. प्लाय पापडासारखा फुगला, थर सुटायला लागले, पण वरून रंग मारलेला असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. एके दिवशी सकाळी आमच्या एका ताईचा पाय त्यातून थेट गुडघ्यापर्यंत खाली गेला. पाय कापला, टाके पडले. डोंगा डुलला, दुसरी बाई काठाला धरून बसली म्हणून बरं, नाहीतर दोघीही पाण्यात गेल्या असत्या.

त्या आठवड्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब पाच मिनिटांत संपला आणि फळीची चर्चा दोन तास चालली. एक म्हणाली पत्रा ठोकू. एक म्हणाली सागाची फळी टाकू, एकदाची कटकट मिटेल. एकीचा मुलगा नागपूरला असतो, तो म्हणे फायबर लावा. एक म्हणाली पुन्हा प्लायच, पण चांगल्यातला. कोपऱ्यात धिवर समाजातल्या एक आजी बसल्या होत्या. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरी, मासा मंग पाहजो. आधी पाय कायवर ठेवला ते पाह."

बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. राजे आणि लढाया वाचल्या, पण पाय कशावर ठेवला हा प्रश्न तिथे कधी आला नाही. म्हणून म्हटलं, हा प्रश्न घेऊनच मागे जाऊन पाहावं.

जेव्हा फळीच नव्हती

आजींना मी विचारलं, तुमच्या लहानपणी डोंग्यात कोणती फळी असायची? त्या हसल्या. "आमच्या डोंग्याले फळी कायची वो? झाडच होतं ते. झाडाच्या पोटात बसाचं अन् जाचं."

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. जुना डोंगा म्हणजे एकच खोड, आतून कोरलेलं. त्याला जोड नाही, खिळा नाही, म्हणून गळायला जागाही नाही. तळ हाच पाय ठेवायचा भाग. तासताना तळ जाड ठेवायचा आणि बाजू पातळ करायच्या, म्हणजे वजन खाली राहतं. भर उन्हाळ्यात असा डोंगा वर काढून उन्हात ठेवला तर लाकूड तडकतं. म्हणून लोक तो पाण्यातच बुडवून ठेवत.

आता तुम्ही म्हणाल, लाकूड पाण्यात बुडवलं तर कुजणार नाही का? इथेच आपली चूक होते. नुसत्या पाण्यानं लाकूड सहसा कुजत नाही. कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. आपल्या गोठ्याचा खांब आठवा. तो जमिनीत खोल गाडलेला भाग बराच टिकतो, वरचा कोरडा भागही टिकतो. कुजतो तो जमिनीलगत, जिथे कधी ओल तर कधी हवा. डोंग्यात तीच जागा म्हणजे आपली पायाखालची फळी. वरून ऊन, खालून पाणी, मधे चिखल. सगळ्यात जास्त मार तिलाच बसतो.

हे डोंगे चालले कुठे? एक तर वैनगंगेसारख्या नद्यांमध्ये, आणि दुसरं आपल्या तलावांमध्ये. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात तलाव बांधायला मोठं उत्तेजन होतं. जो जंगल साफ करून तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळायची. अशा जमिनीला तुकूम म्हणत. चंद्रपुरात आज तुकूम नावाची वस्ती आहे, आपल्याकडे कित्येक गावांच्या नावात तुकूम आहे, ते यातूनच. इंग्रज अधिकारी लुसी स्मिथ यांनी १८६९ साली चांदा जिल्ह्याच्या बंदोबस्ताचा अहवाल लिहिला, त्यातही गोंड राजांच्या या पद्धतीची नोंद आहे. पुढे मालगुजार आले आणि याच तलावांना मालगुजारी तलाव, म्हणजे आपले मामा तलाव, हे नाव पडलं.

शेतकऱ्याला तलावाचं पाणी हवं होतं, धिवराला मासा. दोघांच्या भोवती जंगल होतं. तलाव, झाड आणि डोंगा कोरणारा हात, तिन्ही एका हाकेच्या अंतरावर होतं. डोंगा बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस गावातच राहत होता.

पण त्या काळाचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. मी आजींना विचारलं, तुम्ही डोंगा चालवायच्या का? त्या म्हणाल्या, "बाई डोंग्यात बसे. उभा राहे माणूस." म्हणजे जाळं टाकायचं काम पुरुषाचं. बाईनं काठावर टोपली घेऊन थांबायचं, मासा घ्यायचा आणि डोक्यावरून गावोगाव विकायचा. फळी कशी असावी हे बाईला कुणी विचारलं नाही, कारण त्यावर उभं राहायचा तिचा हक्कच नव्हता. आज आपण उभ्या आहोत. म्हणून हा प्रश्न आज आपला झाला.

झाड गेलं, फळी आली

मग एका खोडाचा डोंगा गेला कुठे? त्याला लागणारं झाडच राहिलं नाही, किंवा राहिलं ते आपल्या हातात राहिलं नाही.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य १८५४ साली इंग्रजांनी खालसा केलं. त्यात चांदाही गेला. १८६४ साली देशात वनखातं सुरू झालं. त्या वेळी रेल्वेचं जाळं पसरत होतं. रुळाखाली टाकायला लाकडी स्लीपर लागत, आणि एका मैलाला साधारण पावणेदोन ते दोन हजार. मैत्रिणींनो, एका मैलाला! आपल्याकडे १८७० च्या दशकात कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली, नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदिया-नागभीड-चांदा हा मार्ग झाला. १८७८ च्या वन कायद्यानं सरकारला जंगल राखीव करण्याचा अधिकार दिला, १९२७ च्या कायद्यानं तो पक्का केला. गावाला निस्तार मिळाला, म्हणजे नांगर, घर, सरपण यांपुरतं लाकूड. पण जंगलावरचा मालक बदलला होता.

मोठं खोड मिळेना, तेव्हा लहान फळ्या जोडून डोंगा करायची वेळ आली. फळ्यांचा डोंगा हलका असतो, मोठा करता येतो, हे त्याचे फायदे. पण जोड आले की गळती आली. जोडात कापूस आणि डांबर भरायचं, खिळे मारायचे, दरवर्षी पुन्हा भरायचं. आणि आतल्या बाजूला आडव्या फासळ्या आल्या. त्यावर पाय ठेवता येत नाही, पाय ठेवला तर जोड हलतो. म्हणून फासळ्यांवर वेगळी फळी टाकायची वेळ आली. पायाखालची फळी जन्माला आली ती अशी, मोठं झाड हातातून गेल्यावर.

लोकांना लाकडाची पारख होती. बिजा टिकाऊ, ऐन मजबूत पण वजनदार. सावर हलकी, पण लवकर कुजते. आंब्याचं लाकूड सहज मिळतं, पण टिकायला कमी. आणि सगळ्यात वर साग.

साग आमचा, पण फळी कुणाची?

सागाचं वैशिष्ट्य काय? त्याच्या लाकडात नैसर्गिक तेल असतं. पाणी लवकर मुरत नाही, वाळवी सहसा लागत नाही, आणि ओलं-कोरडं होताना ते फार वाकत-तडकत नाही. खिळ्यालाही गंज कमी चढतो. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागाचं एक जहाज बांधलं, त्याचं नाव ट्रिंकोमाली. ते आज इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे संग्रहालय म्हणून उभं आहे आणि अजून पाण्यावर तरंगतं आहे. दोनशे वर्षं झाली. त्यासाठी साग मलबारकडून आला होता. आपला साग त्याच जातीचा.

आपल्याच जिल्ह्यांच्या सागाचं नाव काय कमी आहे? आल्लापल्लीला वनवैभव म्हणून जुन्या जंगलाचा एक तुकडा राखून ठेवला आहे, तिथे आकाशाला टेकलेले साग उभे आहेत. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग गेला, तेव्हा मोठी मिरवणूक निघाली. आपल्यापैकी कित्येक जणी गेल्या असतील. मलाही अभिमान वाटला. पण त्याच आठवड्यात आमच्या गटानं डोंग्यासाठी सागाच्या फळीचा भाव काढला असता, तर आकडा ऐकून वही मिटून ठेवावी लागली असती.

हा राग नाही, हिशोब आहे. बाजारात ज्या लाकडाला देऊळ आणि बंगला गिऱ्हाईक आहे, ते लाकूड बोडीतल्या डोंग्यासाठी परवडत नाही. आणि कुणी म्हणेल, जंगलातून गुपचूप आणू, तर त्याची किंमत भावापेक्षा मोठी असते. गटाच्या नावावर वनगुन्हा नको. लाकूड घ्या, पण पावतीचं घ्या.

शिवाय वजन पाहा. चार फूट बाय आठ फूट जागेवर एक इंच जाडीची सागाची फळी टाकली तर साधारण ४८ किलो होते. एक बाई जास्त बसवल्यासारखंच झालं.

प्लाय, पत्रा आणि फायबर

ही अडचण आपलीच होती असं नाही. केरळच्या किनाऱ्यावरही कोरीव होड्यांसाठी मोठी खोडं मिळेनाशी झाली. १९८० नंतर तिथल्या मच्छीमारांच्या सहकारी संघानं, ज्याला सिफ्स म्हणतात, मरीन प्लायवूडच्या होड्या बांधायला सुरुवात केली. समुद्राच्या लाटेवर त्या चालल्या. म्हणजे प्लाय वाईट नाही. वाईट आहे ते प्लाय न ओळखता घेणं.

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, डिंकानं चिकटवलेले. सगळी गंमत डिंकात आहे. घरातल्या कपाटाच्या प्लायवर आयएस ३०३ असं लिहिलेलं असतं. पाण्यात राहणाऱ्या मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो. दोन्हीला दुकानदार "वॉटरप्रूफ" म्हणू शकतो. आमच्या गटाची फसगत इथेच झाली. शिक्का कुणी पाहिलाच नाही. मी समन्वयक, पावतीवर सही माझी, मीसुद्धा पाहिला नाही. आणखी एक, चांगलं मरीन प्लायही कापलेल्या कडेतून पाणी पितं. म्हणून कापल्यावर प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक रंगानं किंवा राळेनं बंद करावं लागतं. १२ मिलिमीटर जाडीची चार बाय आठची शीट साधारण २३ किलोची, म्हणजे सागाच्या निम्मी.

पत्र्याचं काय? तेवढ्याच जागेवर तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा टाकला तर जवळजवळ ७० किलो होतो. उन्हात तापतो, ओला झाला की निसरडा, गंजला की त्याची कड सुरीसारखी. अनवाणी काम करणाऱ्या बाईनं पत्रा निवडू नये, एवढंच सांगते.

फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि राळ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या होड्या व्हायला लागल्या आणि आता सगळीकडे पसरल्या. ते कुजत नाही, कीड लागत नाही, जोड नसल्यामुळे गळत नाही. एक प्रकारे कोरीव डोंगाच परत आला म्हणा. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत मदत ठरवली होती, इतरांना ४० टक्के. नवीन होडी घ्यायची असेल तर जरूर चौकशी करा.

पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लाकडाचा डोंगा पाण्यानं भरला तरी लाकूड तरंगतं, धरून राहता येतं. फायबर स्वतः तरंगत नाही. त्यात बंद हवेचा कप्पा किंवा फोम भरलेला नसेल तर भरलेली होडी थेट तळाला जाते. घेताना हे विचारायचंच. दुसरं, जुन्या ओल्या फळीवर फायबरचा थर मारू नका. वरून चकचकीत दिसतं, आत लाकूड कुजत राहतं. रंग मारलेल्या प्लायनं आम्हाला शिकवलं तेच इथे पुन्हा.

बांबूकडे परत

मग आमच्या गटानं काय केलं? सांगते, पण आधी बांबूचा थोडा इतिहास.

बांबू आपल्या दारातला. सूप, टोपली, ताटी, मांडव, सगळं त्याचंच. बुरूड समाजाचं पोट त्यावर. पण कायद्याच्या लेखी बांबू लाकडासारखाच धरला जाई, आणि आपल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षं कागद कारखान्याकडे जात राहिला. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात बांबू हे गौण वनउपज ठरलं, आणि पाणवठ्यातल्या माशांवरचा गावाचा सामूहिक हक्कही मान्य झाला. बघा, एकाच कायद्यात बांबू आणि मासा! धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं २०१२ साली हक्क मिळवला आणि बांबूवर गाव उभं केलं.

रेल्वेच्या काळात गावाच्या हातातून गेलेल्या गोष्टींपैकी एक अशी परत आली. मोठं झाड परत आलं नाही. पण बांबू आला.

आमच्या गटानं जवळच्या ग्रामसभेकडून पावती घेऊन मानवेल घेतला. मानवेल जवळजवळ भरीव असतो, कटांगासारखा पोकळ नाही. पावसाळा सरल्यावर तोडलेला घेतला, कारण तेव्हा त्यात पिठूळ अंश कमी असतो आणि भुंगा कमी लागतो. मग तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला, सावलीत वाळवला आणि उभा चिरून जाड कमच्या केल्या. त्या दोन आडव्या बिजाच्या पट्ट्यांवर बोटभर फटी ठेवून बसवल्या. अशा तीन लहान ताट्या केल्या, एकच मोठी नाही. बांबूची सालीची बाजू ओली झाली की निसरडी होते, म्हणून दर वीतभर अंतरावर काथ्याची दोरी आडवी गुंडाळली.

तीन ताट्या का? एक ताटी एक बाई एका हातानं उचलू शकते. रोज काम संपलं की उचलायची, खालचं पाणी उपसायचं, तळ डोळ्यांनी पाहायचा आणि ताटी उभी करून वाळत ठेवायची. कुजणं थांबवायचा याहून स्वस्त उपाय नाही. ताटीला खिळा ठोकून डोंग्याला पक्कं केलं नाही, फक्त दोरीनं बांधलं.

हे कायमचं नाही. दोन-तीन वर्षांनी कमच्या बदलाव्या लागतील. गटातल्या एका काकू म्हणाल्या, "मग फायदा कोणता?" प्रश्न बरोबर होता. उत्तर आमच्यातल्याच एका मुलीनं दिलं. ती म्हणाली, प्लाय खराब झाला तेव्हा चिमूरला जावं लागलं, गाडीभाडं लागलं, सुतार शोधावा लागला. म्हणून आपण ढकललं, ढकललं, आणि शेवटी ताईचा पाय गेला. कमची तुटली तर मी संध्याकाळी बदलेन.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचं सार तेच आहे. एका खोडाच्या डोंग्यापासून प्लायपर्यंत येताना वस्तू हलक्या झाल्या, स्वस्तही झाल्या, पण दुरुस्तीचा हात गावापासून लांब लांब गेला. जी वस्तू आपल्याला उघडून पाहता येत नाही, तिचा बिघाड आपल्याला पाय आत गेल्यावरच कळतो. म्हणून जिच्यावर बाई उभी राहते ती फळी त्या बाईला उचलता आली पाहिजे, तिच्याखाली पाहता आलं पाहिजे आणि तिला ती सुधारता आली पाहिजे. मग ती बांबूची असो, मरीन प्लायची असो की फायबरच्या होडीतली असो.

तुमच्या गटासाठी

बांबूच लावा असं मी सांगत नाही. तुमच्याकडे बांबू नसेल, मरीन प्लाय मिळत असेल, तर तेच घ्या. फक्त ठरवण्याआधी सगळ्या जणी डोंग्याजवळ जमा, बैठकीच्या सतरंजीवर नको, आणि हे पाहा.

फळी किती उंचीवर बसते? फळी उंच केली की पाय कोरडे राहतात, पण उभी बाईसुद्धा तेवढी उंच होते आणि डोंगा लवकर कलतो. जितकी खाली बसवता येईल तितकी बसवा.

वजन किती वाढलं? फळी टाकल्यावर नेहमीच्या बायांना बसवून काठ पाण्यापासून किती वर राहिला ते वीत लावून मोजा. वीत कमी झाली तर एक जण कमी बसवा.

पाणी खाली जातं का? फट नसलेली फळी म्हणजे वर डबकं आणि खाली न दिसणारी गळती.

ओल्या पायानं घसरतं का? रंग द्यायचा असेल तर ओल्या रंगावर कोरडी बारीक रेती शिंपडा, वाळल्यावर पुन्हा एक हात मारा.

आणि वर काय फासता? कित्येक जण गाडीचं जळकं ऑइल लावतात. लावू नका. ते पाण्यात उतरतं, माशात जातं, आणि तो मासा आपणच विकतो, आपणच खातो.

एक तारीख सांगून थांबते. २३ जानेवारी २०२४. चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडच्या शेतात निघालेल्या सहा जणी बुडाल्या. आपल्यासारख्याच रोजीवर जाणाऱ्या बाया होत्या. त्यानंतर आमच्या गटांनी एक नियम केला आहे. डोंग्यात चढण्याआधी पहिली बाई ताटी उचलून तळ पाहते आणि मोठ्यानं सांगते, "कोरडा आहे." मगच दुसरी चढते. आणि किती जणी बसायच्या तो आकडा डोंग्याच्या आतल्या बाजूला रंगानं लिहिला आहे.

ताईचा पाय आता बरा आहे. ती पुन्हा डोंग्यात उभी राहते, शिंगाडा तोडते. आजी काठावर बसून पाहतात. परवा मी त्यांना विचारलं, ताटी कशी झाली? त्यांनी ती उचलून पाहिली, उलटी केली, एक कमची अंगठ्यानं दाबली. म्हणाल्या, "ही ढिली आहे." आम्ही त्याच संध्याकाळी ती बदलली.

तुमच्या गावातल्या आजींनाही विचारा, त्यांच्या काळी डोंगा कोणत्या झाडाचा होता, कुणी कोरला, कुठल्या तलावात चालला. गटाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी भेटू तेव्हा वाचून दाखवा.